नव्याने बांधलेल्या जुन्या इंजिनात पहिलं ऑइल कोणतं घालावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. साठच्या दशकातलं चार सिलेंडरचं पेट्रोल इंजिन पूर्ण उतरवून नव्याने बांधलंय. बोअर मारून ओव्हरसाइझ पिस्टन आणि साध्या कास्ट आयर्नच्या रिंगा घातल्यात, क्रँक ग्राइंड करून बेअरिंग बदललीत, कॅमशाफ्ट आणि टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे भागसुद्धा नवे आहेत. आता चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात, पहिलं ऑइल कोणतं ओतायचं? एक जण म्हणतो चांगलं महागातलं सिंथेटिक घाल. दुसरा म्हणतो डिटर्जंट (आतली घाण सोडवणारा घटक) नसलेलं साधं मोनोग्रेडच हवं. तिसरा म्हणतो ट्रकचं डिझेल ऑइल घाल आणि विसरून जा.

तिघांच्याही सांगण्यात थोडंथोडं खरं आहे, म्हणून तर गोंधळ होतो. उत्तर आधी देऊन टाकतो. खास रनिंग-इनसाठी, म्हणजे नवं इंजिन सुरुवातीला सरावण्यासाठी, बनवलेलं मिनरल ऑइल घ्या, ज्यात झिंक-फॉस्फरस भरपूर आणि डिटर्जंट कमी असतं. ग्रेड, म्हणजे जाडीचा आकडा, एसएई ३०, किंवा मॅन्युअलमध्ये जी दिली असेल तिच्या आसपासची. ते पहिल्या अर्ध्या तासानंतर काढून टाका. तेच ऑइल नव्याने भरून पाचशे ते आठशे किलोमीटर चालवा. मग तुमचं नेहमीचं ऑइल. ज्यांना एवढंच हवं होतं त्यांनी इथे थांबलं तरी चालेल. पण कारण न समजता नुसता डबा बरोबर आणला, तरी इंजिन घालवता येतं. मी घालवलंय, ते पुढे सांगतो.

पहिल्या ऑइलकडून आपण दोन उलट गोष्टी मागतो. रिंगांनी बोअरला थोडं घासावं, आणि कॅमने टॅपेटला अजिबात खाऊ नये. एकाच तेलात, एकाच वेळी. सगळे वाद इथून निघतात, कारण एक माणूस रिंगांचा विचार करून बोलत असतो आणि दुसरा कॅमचा.

आधी रिंगा बघू. होनिंग झालेला, म्हणजे दगडाने घासून तयार केलेला बोअर (सिलेंडरची आतली भिंत) तिरप्या उजेडात धरा. तिरकस रेघांची जाळी दिसते, एकमेकींना साधारण ४५ अंशांत छेदणारी. नख फिरवलं तर फारसं जाणवत नाही, पण रिंगेच्या दृष्टीने ते डोंगर आणि दऱ्या आहेत. दऱ्यांमध्ये ऑइल थांबतं आणि रिंग टेकते ती फक्त शिखरांवर. ती शिखरं झिजून सपाट झाली, रिंगेची कडही त्याच बोअरला घासून जुळली, की म्हणायचं रिंगा बसल्या. रिंगेचा स्वतःचा ताण त्याला पुरत नाही. जळलेल्या वायूचा दाब पिस्टनच्या खाचेत रिंगेच्या मागे शिरतो आणि तिला बाहेर ढकलून बोअरवर दाबतो. हा दाब थ्रॉटल उघडून इंजिनावर लोड टाकल्यावरच तयार होतो. इंजिन नुसतं आयडलवर घरघरत ठेवलं तर शिखरं कापली जात नाहीत, बोअरवर राहिलेलं ऑइल भाजतं आणि वार्निश मारल्यासारखा चकचकीत थर बसतो. यालाच ग्लेझ धरणं म्हणतात. दऱ्या बुजल्या की ते इंजिन ऑइल खात राहतं, आणि त्यावर डब्यातलं कुठलंही औषध चालत नाही. हेड उतरवा, पिस्टन काढा, पुन्हा होन मारा.

कॅमचा मामला वेगळा. सपाट टॅपेट आणि कॅमचा लोब (त्यावरचा उंचवटा) एकमेकांना टेकतात ते एका बारीक पट्टीवर, आणि व्हॉल्व्ह स्प्रिंगचा सगळा जोर त्या पट्टीवर येतो. सपाट हे नावालाच. बहुतेक इंजिनांत टॅपेटचा तळ अगदी किंचित फुगीर घासलेला असतो आणि लोबला किंचित उतार असतो, त्यामुळे टॅपेट वर-खाली होताना स्वतःभोवती फिरतही राहतं. फिरलं तर झीज सगळ्या तळावर वाटली जाते. अडकलं तर एकाच जागी घासून काही मिनिटांत लोबचं टोक सपाट होतं. हे तपासायची सोपी युक्ती आहे. रॉकर कव्हर काढा, प्रत्येक पुशरॉडवर मार्करने एक उभी रेघ ओढा, स्पार्क प्लग काढून इंजिन स्टार्टरवर फिरवा. रेघा हळूहळू सरकताना दिसल्या पाहिजेत. एखादी जागची हलत नसेल तर इंजिन सुरू करू नका. ते टॅपेट बाहेर काढून ते ज्या भोकात बसतं ते बघा.

या जागी ऑइलचा थर दोन धातूंना पूर्ण वेगळं ठेवू शकत नाही. तिथे कामाला येतं ते झिंक डायअल्काइल डायथायोफॉस्फेट, म्हणजे झेडडीडीपी. बोलताना आपण नुसतं ‘झिंक’ म्हणतो. १९४० च्या दशकात ते ऑइलमध्ये आलं ते बेअरिंग खाल्ली जाऊ नयेत आणि ऑइल लवकर खराब होऊ नये म्हणून. झीज रोखण्याचा गुण नंतर ध्यानात आला. घासणारी जागा तापते, दाबली जाते, तिथे हे द्रव्य मोडतं आणि पोलादावर फॉस्फेटचा काचेसारखा थर चढवतं. जाडी जेमतेम १०० नॅनोमीटरच्या घरातली. तो थर झिजतो, पुन्हा चढतो, पुन्हा झिजतो. झिजायचं ते थराने, लोबने नाही. यात मुख्य काम फॉस्फरसचं असतं, म्हणून ऑइलची डेटाशीट वाचताना झिंकइतकंच, किंबहुना आधी, फॉस्फरसच्या आकड्याकडे बघा.

मग आजचं साधं ऑइल का नको? कारण हाच फॉस्फरस जळून सायलेन्सरच्या वाटेने बाहेर पडताना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा भाग) निकामी करतो. त्यामुळे पेट्रोल गाड्यांच्या ऑइलमध्ये त्याचं प्रमाण उतरत गेलं. एपीआयच्या, म्हणजे अमेरिकेतल्या पेट्रोलियम संस्थेच्या, एसजे आणि एसएल या वर्गांत वरची मर्यादा १,००० पीपीएम (दहा लाखांत एक हजार भाग) होती. २००४ च्या एसएमपासून ती ८०० पीपीएम झाली, आणि खाली किमान ६०० ठेवलं. नव्या इंजिनांत कॅमवर रोलर असतात किंवा स्प्रिंगा हलक्या असतात, त्यांना एवढं पुरतं. तुमच्या नव्या सपाट टॅपेटला पहिल्या अर्ध्या तासात पुरेलच असं नाही. एकदा थर नीट चढला आणि पृष्ठभाग एकमेकांना सरावले की गरज कमी होते. सगळ्यात जास्त भूक पहिल्या दिवशी असते.

इथे एक बारकावा सहसा सुटतो. ८०० पीपीएमची ती मर्यादा ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० अशा पातळ, इंधन वाचवणाऱ्या ग्रेडसाठी आहे. २०डब्ल्यू-५० किंवा १५डब्ल्यू-४० च्या डब्यावर एसएन (एसएमनंतरचा वर्ग) लिहिलं असलं म्हणून त्यात फॉस्फरस कमीच असेल असं नाही. कित्येकदा तो हजाराच्या वर असतो. म्हणून ‘एसएन म्हणजे जुन्या इंजिनाला विष’ हे सरसकट वाक्य मी मानत नाही. डबा नाही, डेटाशीट वाचा. रनिंग-इनसाठी मी १,२०० ते १,४०० पीपीएम फॉस्फरस असलेलं ऑइल बघतो.

आणि त्याच्या वर जात नाही. झिंकची बाटली मिळते म्हणून रनिंग-इन ऑइलमध्ये वरून ती ओतणारे लोक मी बघितलेत. ऑइलमध्ये आधीच पुरेसं असताना आणखी घातलं तर फायदा वाढत नाही. प्रमाण फार झालं तर उलट लोखंडावर रासायनिक झीज सुरू होते आणि लोबवर खड्डे पडू शकतात. शिवाय ऑइल बनवणाऱ्याने सगळ्या घटकांचा मेळ घालून दिलेला असतो, तो आपण अंदाजाने बिघडवतो. बाटली घालायचीच असेल तर ती साध्या ऑइलमध्ये, मापून, पर्याय नसेल तेव्हा.

आता डिटर्जंट. जुने मेकॅनिक ‘नॉन-डिटर्जंट घाल’ म्हणतात त्यामागे अनुभव आहे. डिटर्जंट म्हणजे कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमची संयुगं. तीही धातूच्या पृष्ठभागावर चिकटायला बघतात, म्हणजे झिंकशी जागेसाठी चढाओढ करतात. म्हणून रनिंग-इन ऑइलमध्ये ती मुद्दाम कमी ठेवतात. पण म्हणून बाजारातलं सगळ्यात स्वस्त, डिटर्जंट नसलेलं ऑइल उचलू नका. त्यातलं बरंचसं एपीआय एसए वर्गातलं असतं, म्हणजे नुसतं तेल, त्यात घालायचं काहीच घातलेलं नसतं. एपीआय स्वतःच सांगतं की १९३० नंतर बनलेल्या बहुतेक पेट्रोल इंजिनांना ते योग्य नाही. त्यात डिटर्जंट नाही हे खरं, पण झिंकही नाही. ज्या भीतीने आपण आधुनिक ऑइल टाळतो, तीच अडचण दुसऱ्या दाराने घरात घेतो.

डिझेल ऑइलचा सल्ला अगदी चुकीचा नाही. एपीआयच्या डिझेलसाठीच्या जुन्या सीआय-४ वर्गाच्या १५डब्ल्यू-४० मध्ये फॉस्फरस बऱ्यापैकी असायचा, आणि त्यावर कितीतरी जुनी पेट्रोल इंजिनं सुखाने चालली. नंतर डिझेल गाड्यांनाही एक्झॉस्टमध्ये फिल्टर आले आणि २००६ च्या सीजे-४ पासून फॉस्फरसला १,२०० पीपीएमची मर्यादा लागली. ती अजूनही पेट्रोलच्या पातळ ग्रेडपेक्षा बरी. त्रास एवढाच की डिझेलची काजळी पकडून ठेवायला यात डिटर्जंट भरपूर घातलेलं असतं. तेव्हा रनिंग-इन ऑइल मिळणारच नसेल तर चांगलं १५डब्ल्यू-४० डिझेल ऑइल हा माझा दुसरा पर्याय, कॅमला पेस्ट (तिच्याबद्दल पुढे सांगतो) व्यवस्थित लावून. फक्त एफए-४ वर्गाचं घेऊ नका. ते नव्या डिझेल इंजिनांसाठी मुद्दाम पातळ केलेलं असतं.

सिंथेटिकबद्दल मत विचाराल तर ‘सिंथेटिकवर रिंगा बसतच नाहीत’ हे खरं नाही. अमेरिकेतली कॉर्व्हेट ही स्पोर्ट्स कार १९९२ पासून कारखान्यातूनच सिंथेटिक ऑइल भरून बाहेर पडते, आणि त्यांच्या रिंगा बसतात. पण त्या कारखान्यात बोअर पठारासारखा होन करून येतो, म्हणजे शिखरं आधीच काढलेली असतात, आणि त्याचा खडबडीतपणा यंत्रावर मोजलेला असतो. आपला बोअर एखाद्या चांगल्या हाताने दगड लावून मारलेला असतो. तो चांगला असतो, पण त्याला अजून थोडं काम करायचं बाकी असतं, आणि साध्या मिनरल ऑइलमध्ये ते लवकर उरकतं. दुसरं कारण अगदी व्यवहाराचं. जे ऑइल अर्ध्या तासात लोखंडाच्या चुऱ्यासकट फेकून द्यायचंय ते महागातलं कशाला? क्रोमच्या रिंगा असतील तर मी आणखी आग्रह धरतो, कारण क्रोम कठीण, ते बसायला वेळ लावतं. तुमच्या कास्ट आयर्नच्या रिंगा सगळ्यात समजूतदार. नीट लोड मिळालं तर पहिल्या शंभर किलोमीटरमध्येच बरंचसं काम झालेलं असतं.

घट्ट की पातळ, हे बेअरिंगच्या क्लिअरन्सवरून ठरतं, गाडीच्या वयावरून नाही. जुन्या इंजिनांचा ढोबळ हिशोब म्हणजे जर्नलच्या (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) व्यासाला दर इंचामागे एक थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग. दोन इंचाच्या जर्नलला दोन थाऊ, म्हणजे ०.०५ मिलिमीटर. एवढ्याला एसएई ३० पुरेसं आहे. १०० अंश सेल्सिअसला त्याची व्हिस्कॉसिटी (घट्टपणा) ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्सच्या दरम्यान असते. ‘जुनी गाडी, म्हणजे २०डब्ल्यू-५०’ असं डोळे मिटून करू नका. नव्या बेअरिंगमध्ये जागा कमी असते, आणि थंड इंजिनात जाड ऑइल वर रॉकरपर्यंत पोचायला वेळ घेतं. नेमके तेच पहिले काही सेकंद महत्त्वाचे. क्लिअरन्स मोकळा ठेवला असेल, इंजिन एअरकूल्ड असेल किंवा हवाच कडक असेल तर ४० किंवा २०डब्ल्यू-५० योग्य. मॅन्युअलने स्पष्ट काही सांगितलं असेल तर माझं ऐकू नका, मॅन्युअलचं ऐका.

काही इंजिनांचे स्वभाव वेगळे असतात ते पटकन सांगतो. फोक्सवॅगन बीटलच्या जुन्या एअरकूल्ड इंजिनात कागदी फिल्टर नाही, फक्त जाळी आहे, आणि ऑइल अडीच लिटरच. तिथे पहिले तीन बदल आणखी लवकर करा. जुन्या मिनी गाडीत गिअरबॉक्स इंजिनाच्याच ऑइलमध्ये चालतो, म्हणजे दातांचा कीस बेअरिंगकडे जायची वाट मोकळी. मोटरसायकलमध्ये क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असेल तर डब्यावर जासो (जपानी मानक) एमए किंवा एमए२ बघा, नाहीतर घर्षण कमी करणाऱ्या घटकांनी क्लच सटकतो. जासोची फॉस्फरसची अट ८०० ते १,२०० पीपीएम आहे, म्हणजे कॅमचीही सोय होते. जुन्या ब्रिटिश ट्विन मोटरसायकलींच्या क्रँकमध्ये गाळ साठवणारी नळी असते. ती उघडून साफ केली नसेल तर आधी ती करा, ऑइलची चर्चा नंतर. वर्षानुवर्षं तिथे घट्ट बसलेला गाळ नव्या ऑइलने सुटून बेअरिंगच्या भोकात अडकला तर दोष ऑइलला देऊन उपयोग नाही.

आता डब्याबाहेरच्या गोष्टी, ज्या माझ्या मते डब्याइतक्याच मोलाच्या आहेत. होनिंगनंतर बोअर पेट्रोलने किंवा रॉकेलने पुसून स्वच्छ होत नाही. ते होनिंगचं तेल काढतं, दगडाची पूड रेघांमध्ये तशीच राहते. गरम पाणी, भांड्याचा साबण आणि ताठ ब्रश घेऊन घासा, धुवा, लगेच कोरडं करा. मग पांढऱ्या स्वच्छ फडक्याला थोडं इंजिन ऑइल लावून बोअरच्या आतून फिरवा. पहिल्यांदा फडकं राखाडी येतं. आपल्याला वाटत असतं झालं, आणि फडकं पुन्हा राखाडी येतं. ते पांढरं बाहेर येईपर्यंत धुवायचं. मला चौथ्या-पाचव्या खेपेच्या आत पांढरं फडकं क्वचितच मिळालंय. ही पूड आत राहिली तर तुमचं सर्वोत्तम ऑइल म्हणजे पॉलिश पेस्टच.

कॅमच्या लोबला आणि टॅपेटच्या तळाला कॅमसोबत आलेली काळी मोलिब्डेनमची पेस्ट लावा, बेअरिंगला असेंब्ली लुब्रिकंट. पण ती पेस्ट रिंगांना आणि बोअरला लावू नका. तिथे साध्या इंजिन ऑइलचा हलका हात पुरे. रिंगा घासायला हव्यात म्हणून इतका खटाटोप आणि तिथेच जगातलं सगळ्यात निसरडं काळं थापायचं, हे मी दर दोन-चार महिन्यांनी कुठेतरी बघतो.

सुरू करण्याआधी ऑइल वर चढवून घ्या. डिस्ट्रिब्यूटरच्या भोकातून पंप फिरवता येत असेल तर जुना शाफ्ट ड्रिलला लावून फिरवा, दिशा तपासून. नाहीतर प्लग काढून स्टार्टरवर फिरवा, दहा-पंधरा सेकंद फिरवून मध्ये स्टार्टरला विश्रांती देत. मीटरवर दाब दिसला म्हणून थांबू नका. प्रत्येक रॉकरमधून ऑइल पाझरताना डोळ्यांनी बघा. फिल्टर उभा बसत असेल तर बसवण्याआधीच भरून घ्या.

इग्निशनचं टायमिंग स्थिर जागी लावलेलं, फ्लोट चेंबरमध्ये पेट्रोल, रेडिएटर भरलेला, पॉइंटचा गॅप मोजलेला, हे सगळं आधी. इंजिनाने पहिल्या काही फेऱ्यांतच पेटायला हवं. नुसतं फिरवत राहिलं तर लोबवरची पेस्ट पुसून जाते. पेटलं की लगेच २,००० आरपीएमवर न्या आणि वीस ते तीस मिनिटं २,००० ते २,५०० च्या मध्ये कमी-जास्त करत ठेवा. कारण कॅमला बहुतेक जुन्या इंजिनांत ऑइल मिळतं ते क्रँकने उडवलेल्या शिंतोड्यांतून. आयडलवर ते पुरेसे उडत नाहीत. शिवाय लोबच्या टोकावर स्प्रिंगचा दाब आयडललाच सगळ्यात जास्त असतो, वेग वाढला की व्हॉल्व्हची जडता त्यातला काही भार हलका करते. रेस दिलेली बघून शेजारचा हळहळेल, पण नव्या कॅमसाठी ती मंद आयडलपेक्षा दयाळू आहे. दुहेरी स्प्रिंगा असतील तर या अर्ध्या तासापुरती आतली स्प्रिंग काढून ठेवतात.

आता माझी चूक. एक सहा सिलेंडरचं इंजिन, नवा कॅम, आणि शेल्फवर जे होतं ते ५डब्ल्यू-३० मी ओतलं. इंजिन सुरू झालं, पण दोन कार्ब्युरेटर जुळेनात. मी वाकून स्क्रू फिरवत बसलो आणि ते आयडलवर पंचवीस एक मिनिटं घरघरत राहिलं. कानाला इतकं गोड वाटत होतं की बंद करावंसंही वाटलं नाही. चारशे किलोमीटरवर टॅपेटचा आवाज आला. क्लिअरन्स जुळवला, आठवड्याने पुन्हा उघडला. पुन्हा जुळवला. तिसऱ्यांदा पुशरॉडवर डायल गेज लावलं. बाकीच्या लोबांची उचल साडेसहा मिलिमीटर आणि या एकाची जेमतेम पाच. टॅपेट काढलं तर त्याचा तळ बशीसारखा खोलगट झालेला. कॅम गेला ते सोडाच, त्याचा कीस सगळ्या बेअरिंगमधून फिरून आला होता. पूर्ण इंजिन परत उतरवलं, फुकट. ऑइल बरोबर असतं तर वाचलं असतं का? कदाचित. २,००० आरपीएमवर ठेवलं असतं तर? तेही कदाचित. दोन्ही चुका एकत्र केल्यावर मात्र काही शिल्लक राहिलं नाही.

अर्धा तास झाला की इंजिन बंद करून गरम असतानाच ऑइल काढा. त्यात पेस्ट, होनिंगचा उरलासुरला मळ, शिखरांचा चुरा आणि चोकमुळे उतरलेलं थोडं पेट्रोल असतं. वास घेतलात तर पेट्रोल कळतं. फिल्टर फेकू नका, कापा. हॅकसॉने कापलात तर करवतीचाच कीस आत पडतो आणि विनाकारण घाबरायला होतं, म्हणून कटर वापरा. कागद पसरून उन्हात बघा. चुंबकाला चिकटणारी बारीक करडी लोण्यासारखी पूड असेल तर ठीक, ती रिंगांची आणि कॅमची. चिमटीत धरता येतील असे चमकदार कपचे असतील, किंवा तांब्याच्या रंगाची चमक पसरलेली असेल, तर पुढे चालवू नका. पहिल्यात कॅम, दुसऱ्यात बेअरिंग बघा.

नवा फिल्टर, पुन्हा तेच रनिंग-इन ऑइल, आणि लगेच रस्त्यावर. आता रिंगांची पाळी. वरच्या गिअरमध्ये, पण इंजिन कण्हणार नाही अशा वेगावरून, थ्रॉटल अर्ध्याहून थोडा जास्त उघडून ४० वरून ७० पर्यंत जा. मग पाय पूर्ण काढून गाडी गिअरमध्येच हळू होऊ द्या. उघडल्यावर वायू रिंगेला दाबतो. सोडल्यावर सिलेंडरमधल्या ओढीने खालून थोडं ऑइल वर येतं, जागा थंड करतं, चुरा धुऊन नेतं. असं दहा-बारा वेळा. सुटताना मागे निळा धूर दिसला तर पहिल्या दिवशी चिंता नको. एकाच वेगाने लांब हायवे नको, तासन्‌तास ट्रॅफिकमध्ये उभं राहणं नको, लाल रेषेपर्यंतही नको.

पाचशे किलोमीटरच्या आसपास ऑइल आणि फिल्टर पुन्हा बदला, हेडचे नट मॅन्युअलप्रमाणे तपासा, टॅपेट लावा. रिंगा बसल्यात का हे ऑइलच्या डब्यावर लिहिलेल्या किलोमीटरवरून ठरत नाही. डिपस्टिकची पातळी दोनशे-तीनशे किलोमीटर हलली नाही, ब्रीदरमधून (इंजिनाच्या आतली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) येणारी वाफ कमी झाली आणि कॉम्प्रेशन सगळ्या सिलेंडरमध्ये जवळपास सारखं आलं, की बसल्या. तुमच्या इंजिनाला त्यानंतर मी १,००० पीपीएमच्या वर फॉस्फरस असलेलं २०डब्ल्यू-५० किंवा १५डब्ल्यू-४० मिनरल ऑइल घालीन, यावेळी डिटर्जंटवालं, कारण आता आत काजळी साठू द्यायची नाही. सिंथेटिकची हौस असेल तर दोन-तीन हजार किलोमीटर जाऊ द्या. त्यातही क्रँकच्या मागच्या टोकाला जुन्या पद्धतीचं दोरीचं सील असेल तर पातळ सिंथेटिक तिथून पाझरेल आणि गाडीखाली रोज एक पुठ्ठा ठेवावा लागेल.

तोवर, रनिंग-इन ऑइलचा एक डबा जास्तच घेऊन ठेवा. पहिल्या भरणीत एक प्लग गळतो, एखादं गॅस्केट बसत नाही, आणि चेंबर अर्ध्यात रिकामं करावं लागतं. तेव्हा शेल्फवर जे सापडेल ते ओतायचा मोह होतो.